वजूच्या पाण्याचं माप

पाहुण्यासमोर पाण्याची चणचण दिसू द्यायची नाही, ही बाबाजानच्या गावची जुनी रीत. शेवगावच्या पूर्वेकडचा तो कोरडा पट्टा. नळाला चार-सहा दिवसांनी पाणी येणार आणि उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसावं लागणार. तिथं ही रीत कुणी ठरवून पाडली नव्हती, आपोआप पडली होती. मुलगी बघायला कुणी यायचं असलं की आदल्या दिवशी शेजारपाजारच्या घरांतून हंडे यायचे, त्या घरचा रांजण काठोकाठ भरायचा, दारात सडा पडायचा. पाहुण्यांच्या हातावर पाणी घालताना यजमान असा सैल हात सोडायचा, जणू विहीर अंगणातच आहे. पाण्यावाचूनच्या गावाशी सोयरीक कोण करणार? पाहुणे गेले की घरातली माणसं पुढचे दिवस ओल्या फडक्यानं अंग पुसून काढायची. बाबाजाननं आपल्या मुलींची लग्नं याच रीतीनं जमवली होती आणि त्यात काही खोटं आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

सुमैरा ही त्याच्या थोरल्या मुलीची मुलगी. नगरला इंजिनिअरिंग शिकत होती. दिवाळीची सुट्टी संपली आणि एके दिवशी ती आपल्या गटातल्या दोघांना घेऊन आजोळी आली. एक राम, श्रीगोंद्याकडचा, उंच, हडकुळा, बोलायला कमी. दुसरी निकिता, संगमनेरची, हातात सदा मोबाईल आणि तोंडात सदा प्रश्न. त्यांच्या सरांनी सगळ्या गटांना काम दिलं होतं. गावात जायचं, वाया जाणारी एखादी गोष्ट हेरायची आणि ती पुन्हा कामी येईल असं काहीतरी आपल्या हातानं बांधून दाखवायचं. नुसतं कागदावर चालणार नव्हतं.

सुमैराच्या मनात मशिदीची मोरी होती. नमाजाआधी माणसं ओट्यावर बसून वजू करतात, म्हणजे हात, तोंड, पाय धुतात. ते पाणी साबणाचं नसतं की तेलकट नसतं. पण भिंतीतल्या पाइपातून बाहेर पडून ते नुसतं रस्त्याकडेला जिरायचं. आणि मशिदीच्या भिंतीला लागूनच जिल्हा परिषदेची शाळा. शाळेमागं परसबागेसाठी सोडलेली जागा पाण्यावाचून उघडी पडलेली.

"नाना, ते पाणी गाळून शाळेच्या बागेला दिलं तर?" सुमैरानं आजोबांना विचारलं.

मशिदीची देखभाल बाबाजानकडेच होती. टाकी भरायची, ओटा धुवायचा, चटया झटकायच्या. त्यानं जमातीतल्या म्हाताऱ्यांना विचारलं. वजूचं पाणी पायदळी जाण्यापेक्षा झाडाच्या मुळाशी गेलेलं बरं, असंच सगळे म्हणाले. शाळेत पोरांचं जेवण शिजवणारी छबूबाई तर ऐकूनच खूश झाली. "कोथिंबिरीच्या काडीसाठी मला बाजाराची वाट बघावी लागती," ती म्हणाली, "हितं मेथी, वांगी आली तर पोरांच्या ताटात काहीतरी हिरवं पडंल."

"पण आधी रोज किती पाणी येतं ते मोजायला पाहिजे," निकिता म्हणाली. "त्या मापावर सगळं अवलंबून. खड्डा केवढा, पाइप केवढा, टाकी केवढी, झाडं किती."

मोजायचं काम रामकडे आलं. सुमैरा आणि निकिता शाळेमागं दोरी लावून जागेचा उतार बघत होत्या. रामनं बादलीवर आतून रंगाच्या रेघा मारल्या आणि भिंतीबाहेर पाइपाच्या तोंडाशी ती ठेवून तो दगडावर बसला. नमाजाच्या वेळी आत जाऊन लोकांच्या हातापायांकडे बघत बसणं त्याला बरं वाटेना.

दुपारच्या नमाजाला नेहमीची माणसं आली. बाबाजान, दोघं-तिघं म्हातारे, गिरणीवाला. जवान पोरं कुणी रानात, कुणी टेम्पोवर, कुणी पुण्याला. म्हाताऱ्यांनी चिंचोळ्या धारेखाली हातपाय धुतले, कारण तशीच सवय होती. भिंतीपलीकडे बादलीत पाणी पडत होतं त्याचा आवाज बाबाजानला आत ऐकू येत होता. टप, टप, आणि मग तेही थांबलं. बाहेरून राम फोनवर आईला सांगत होता, "अगं, बादलीचा तळसुद्धा नीट झाकला नाही."

बाबाजानला कुणीतरी चारचौघांत धोतराला हात घातल्यासारखं झालं. दारी आलेल्या पोराची बादली, आणि तळ झाकला नाही. गावाचं, मशिदीचं, आपल्या नातीचं सगळं उघडं पडल्यासारखं त्याला वाटलं. त्यानं इकडं तिकडं बघितलं. म्हातारे नमाजाला उभे राहिले होते. त्यानं जवळचा नळ सोडला. मग दुसरा. मग ओळीनं सगळे सोडले आणि बाहेर बादली भरल्याचा, ओतल्याचा, पुन्हा भरल्याचा आवाज ऐकत उभा राहिला. त्या दिवशी नमाजाच्या रांगेत तो सगळ्यात उशिरा उभा राहिला.

तेवढ्यावर राहिलं नाही. संध्याकाळी तो घरोघर फिरला. "पोरं मोजायला आलीत, तेवढं नमाजला या." लोक आले. ईदशिवाय कधी न दिसणारे आले. दुसऱ्या दिवशी मशिदीची टाकी आटली, तेव्हा बाबाजाननं घरच्या रांजणातून कळशी भरभरून आणली आणि ओट्यावरून मोरीत सोडली. राम भिंतीबाहेर इमानानं एकेक रेघ बघून आकडा लिहीत होता.

घरी मुबारकबीनं रांजणात तांब्या घातला तो तळाला खणकन वाजला.

"रांजणातलं पाणी कुठं गेलं?"

"असंल की तिथंच."

"रांजण हाय तिथंच. पाणी न्हाई." तिनं नवऱ्याच्या ओल्या धोतराकडे बघितलं. "तुमी काय उद्योग केलाय मला कळत न्हाई असं समजू नका. पोरं काय सोयरीक जमवायला आलीत?"

"पाहुणीच हायत ती. माझ्या नातीचं काम हाय."

"नातीचं काम हाय म्हून तर म्हणती मी," मुबारकबी म्हणाली आणि हंडा घेऊन शेजारी गेली.

चहाच्या टपरीवर भिमाजीनं त्याला गाठलं. भिमाजी त्याचा बांधाला बांध लागलेला शेजारी, लहानपणापासूनचा सोबती. "का रे बाबाजान, परवा मशिदीत ईद हुती का काय?"

"पोरं मोजायला आल्ती."

"मग मला न्हाई का बोलवायचं? मी बी हातपाय धुतले असते. तेवढीच माझी आंघूळ झाली असती."

टपरीवरचे हसले. बाबाजानही हसला. तेव्हा त्याला ते हसण्यासारखंच वाटत होतं.

मग महिनाभर काम चाललं. पोरं शनिवार-रविवार यायची, बाबाजानच्याच घरी उतरायची. त्या मापाला धरून त्यांनी केवढा तरी खड्डा काढला. रामच्या हाताला फोड आले, निकितानं सिमेंट कालवलं, सुमैरा पाण्यानं भरलेली नळी दोन्ही टोकांना धरून पाइपाचा उतार तपासत राहिली. खड्ड्यात आधी मोठी खडी, वर बारीक खडी, मग कोळसा, मग वाळू. तिथून गाळलेलं पाणी टाकीत आणि टाकीतून बारक्या नळ्यांनी बागेत. छबूबाईनं वाफे ओढले, मेथी फेकली, वांग्याची रोपं लावली, कडेनं शेवगा. पहिलं पाणी सोडायला त्यांनी शुक्रवार धरला. जुम्म्याला मशीद आपोआपच भरते, त्यामुळे नळ्यांतून पाणी आलं. शाळेच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरपंचांनी फोटो काढला. बाबाजानला वाटलं, चला, निभावलं.

पुढच्या आठवड्यात पोरं आली तर टाकी कोरडी. वाफे फुटल्या टाचेसारखे भेगाळलेले. मेथी उगवली होती ती पिवळी पडून माना टाकून होती.

"पाणी येतंय, पण बाहेर निघतच नाही," सुमैरा म्हणाली. "कुठंतरी गळतंय."

तिघांनी दिवसभर गळती शोधली. सांधे उकलले, पुन्हा जोडले. पाण्यात निळ्या शाईची पुडी टाकून ती कुठं पाझरते ते बघितलं. काही सापडलं नाही. मग त्यांना वाटलं, उतार चुकला. रामनं एकट्यानं सगळी पाइपलाइन उकरून पुन्हा बसवली. मग निकिताला वाटलं, वाळू फार बारीक आहे, पाणी धरून ठेवते. वाळू उपसली, चाळली, परत भरली. बाबाजान चहा घेऊन जायचा आणि कडेला उभा राहायचा. त्याला दिसत होतं ते कुठल्याही शेतकऱ्याला दिसलं असतं. एवढ्या मोठ्या खड्ड्यातली वाळू म्हाताऱ्यांच्या हातापायांचं पाणी गट्ट करून बसत होती. खड्डा ओला होण्यातच ते संपत होतं. खड्डा मोठा होता कारण माप मोठं होतं. आणि माप कुणी मोठं केलं, हे त्याच्यावाचून आणि मुबारकबीवाचून कुणाला ठाऊक नव्हतं.

एकदा त्याच्या ओठावर आलं होतं. राम पाइपाशी उकिडवा बसून फोडावर पट्टी बांधत होता. बाबाजान म्हणाला, "राम, बेटा, त्या दिवशी तू मोजलं न्हवं..."

"हो नाना. का?"

राम वर बघत होता. त्याच्या मागं सुमैरा आणि निकिता थांबून ऐकत होत्या. "काही न्हाई. चहा गार हुतोय," तो म्हणाला.

आणि त्यानं मग आणखी वाईट केलं. दुपारी पोरं जेवायला बसली असताना तो मशिदीत गेला, आतून सगळे नळ सोडले, घरून दोन हंडे आणून ओतले. जेवून पोरं परत आली तर नळ्यांच्या तोंडाशी थेंब लोंबत होते.

"वाळूच होती," निकिता ओरडली. राम पहिल्यांदाच मोठ्यानं हसला. त्यानं तिथूनच आईला फोन लावला. "आई, चाललं बघ आमचं." बाबाजान भिंतीआड उभा राहून ते ऐकत होता. पोरं आनंदात नगरला गेली. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

पुढचे दिवस शाळेची पोरं घरी जाताना आपल्या बाटलीत उरलेलं पाणी वांग्याच्या बुडाशी ओतून जायची. छबूबाईनंच त्यांना तसं सांगितलं होतं. मशिदीच्या ओट्यावरून बाबाजानला ते दिसायचं. बाटलीत उरलेलं ते असं किती असणार. शेवग्यानं तग धरला, मेथी गेली.

मग त्यांचे सर आले. गोरक्षनाथ सर, शांत माणूस, चष्मा कपाळावर ढकलून बघण्याची सवय. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली होती. बाबाजान चहाचा ट्रे घेऊन आला तेव्हा सरांच्या हातात रामनं लिहिलेले आकडे होते.

"रोजच्या नमाजाला किती माणसं येतात?" सरांनी सुमैराला विचारलं.

सुमैरानं निकिताकडे बघितलं. ती आजोळी यायची ती ईदला, सुट्टीला. तिच्या डोळ्यापुढं मशीद भरलेलीच असायची. "विचारावं लागेल सर," ती म्हणाली.

छबूबाई भांडी घासता घासता म्हणाली, "त्यात काय इचारायचं? मूठभर म्हातारी येत्यात. मला हितनं दिसतं की रोज."

सरांनी चष्मा खाली ओढला. "मग एवढं पाणी येईलच कसं? प्रत्येक म्हाताऱ्यानं आंघोळ केली तरी येणार नाही." ते रामकडे वळले. "हे तू मोजलंस?"

"हो सर."

"स्वतः बसून?"

"हो सर. बादली ठेवून."

"राम, एक-दोनदा मोजून बाकीचं अंदाजानं भरलं असशील तर आत्ता सांग. पुष्कळ मुलं करतात. पण सांग."

"मी मोजलंय सर," राम म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

निकिता जमिनीकडे बघू लागली. सुमैरा म्हणाली, "राम, खरं सांग ना. आम्ही त्या आकड्यांवर एवढं सगळं बांधलं. आम्ही दोघी तिथं नव्हतो. तूच होतास."

"तुलाही तसंच वाटतं?"

सुमैरानं सरांच्या हातातल्या कागदाकडे बघितलं.

सर उठले. आवाज चढवला नाही त्यांनी. "खड्डा चुकला तर मी समजू शकतो. डिझाइन चुकतंच, चुकून चुकून सुधारतं. पण माप खोटं असेल तर सुधारणार कशावर? राम, यांच्यासोबत तुझं काम मी धरणार नाही. पुढच्या वर्षी तू नवा प्रोजेक्ट कर." बाकीच्या दोघींना त्यांनी दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबून काय करता येईल ते बघायला सांगितलं.

रामनं वाद घातला नाही. त्यानं दप्तर उचललं, सतरंजीच्या कडेची चप्पल शोधली आणि फाट्याकडे चालू लागला. त्याच्यापुढं ठेवलेल्या कपाला त्यानं हात लावला नव्हता. हे सगळं होत असताना बाबाजान ट्रे घेऊन दाराशी उभा होता. बोलायला जागा होती, वेळ होता, चार माणसं समोर होती. तो बोलला नाही. त्यानं उरलेला कप उचलला, ट्रेमध्ये ठेवला आणि घरी आला.

मुबारकबी चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "ते उंच पोरगं एकलंच फाट्याकडं चाललं हुतं. तोंड उतरलं हुतं त्याचं."

बाबाजान खाटेवर बसला. "त्याच्यावर आळ आला."

"मग?"

"मग काय?"

"मग तुमी हितं काय करताय?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "मला सांगून काय उपेग? मला तर त्या दिवशीच ठावं हुतं. माझं बी चुकलं, मी गप बसले. पण हंडा काय मी मोरीत ओतला न्हाई."

असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, वेळ होत आली होती. बाबाजान सवयीनं मशिदीत गेला, ओट्यावर बसला, नळ थोडा सोडला. पाणी तळव्यावर पडलं आणि त्याचा हात तिथंच राहिला. या पाण्यानं हात धुवायचे, तोंड धुवायचं आणि मग अल्लासमोर उभं राहायचं. कुठलं तोंड घेऊन? त्यानं नळ बंद केला आणि तसाच उठून फाट्याकडे निघाला. म्हाताऱ्यांनी मागून हाक दिली. त्यानं हात हलवून पुढं व्हा अशी खूण केली.

फाट्यावर एस.टी. अजून आली नव्हती. राम मैलाच्या दगडावर बसला होता. म्हाताऱ्याला बघून तो उभा राहिला.

"बस बेटा."

"काय झालं नाना? काही राहिलं का माझं?"

बाबाजानला धाप लागली होती. बोलायचं होतं ते त्यानं वाटेत जुळवलं होतं, पण आता त्यातलं काही सापडेना. "ते पाणी मी सोडलं," तो म्हणाला.

"कुठलं पाणी?"

"तू मोजलंस ते. आतनं नळ सोडले. टाकी सपली तवा घरनं आणून ओतलं. लोकांना बी मीच बोलवून आनलं हुतं. तू बाहेर बसला हुतास, तुला कसं कळणार? आन् परत त्या दिवशी, तुमी जेवत हुता तवा... ते बी मीच."

राम त्याच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग यायलासुद्धा वेळ लागला.

"पण का?"

"तुझी बादली भरंना." बाबाजानला स्वतःलाच ते ऐकून कसंतरी वाटलं. "पाहुण्याच्या बादलीचा तळ दिसतोय, हे मला बघवलं न्हाई."

"मी पाहुणा नव्हतो नाना. मी मोजायला बसलो होतो."

"व्हय."

"मी एकट्यानं सगळा पाइप उकरला."

"व्हय. बघत हुतो मी."

"बघत होता," राम म्हणाला. एवढंच. त्यानं तोंड रस्त्याकडे फिरवलं. लांबून एस.टी. येताना दिसली. "मला सांगून काय होणार? मी खोटं बोललो नाही हे मला माहीत होतंच."

"मी त्यांना सांगतो. तू चल माझ्याबरूबर."

"तुम्ही सांगा. मी समोर उभा राहून तुम्हाला सांगायला लावणार नाही." मग तो म्हणाला, "पण गाडी सोडतो मी. इथंच बसतो."

बाबाजाननं ते पोराचं मन ओळखलं आणि त्याला आणखीच लाज वाटली. एकटा परत जाताना रस्ता त्याला आयुष्यात कधी वाटला नव्हता एवढा लांब वाटला. टपरीवरून भिमाजीनं विचारलं, "आज नमाज सोडून कुठं फिरतोयस?" तो शाळेकडे चालत राहिला.

व्हरांड्यात सर निघायच्या तयारीत होते. छबूबाई तिथंच होती, शाळेचे गुरुजी होते, आणि कडेला दोन-चार गावकरी, कारण कॉलेजचे सर आलेत म्हटल्यावर माणसं जमतातच. बाबाजाननं टोपी काढून हातात घेतली. का काढली ते त्यालाही कळलं नाही. मग पुन्हा घातली.

"सर, त्या पोरानं बरोबर मोजलं," तो म्हणाला. "पाणी खोटं हुतं."

त्यानं सगळं सांगितलं. गावकऱ्यांतल्या एकाला हसू आलं, ते त्यानं खोकून गिळलं. छबूबाईनं पदर तोंडाला लावला. सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुसतच राहिले, बहुतेक म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागू नये म्हणून. "राम कुठं आहे?" त्यांनी विचारलं. फाट्यावर आहे म्हटल्यावर ते स्वतः त्याला आणायला गेले.

सुमैरा खांबाला टेकून उभी होती. बाबाजान तिच्याकडे वळला तेव्हा तिनं नजर उचलली नाही.

"तुझ्यासाठी केलं," तो म्हणाला आणि म्हणताच त्याला कळलं की हे म्हणायला नको होतं.

"माझ्यासाठी?" ती हळू बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "नाना, थोडं पाणी असतं तर थोड्या पाण्याचं डिझाइन केलं असतं आम्ही. तेच तर शिकायला आलो होतो. तुम्हाला वाटलं आम्हाला ते जमणार नाही?"

"तसं न्हाई बेटा."

"मग मी रामला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. मी." तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते पुसत नव्हती. "तुम्ही तिथं ट्रे घेऊन उभे होता."

बाबाजान व्हरांड्याची पायरी उतरला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं ठरलं आणि त्यासाठी सरही थांबले. राम परत आला होता. सरांनी त्याची माफी मागितली होती, सुमैरानंही मागितली होती. त्यानं दोघांनाही "राहू द्या" म्हटलं होतं, पण सुमैराशी तो कामापुरतंच बोलत होता. बाबाजानला वाटलं, आपल्याला आता कुणी जवळ फिरकू देणार नाही. पण सुमैरा त्याच्यापुढं बादली घेऊन उभी राहिली.

"राम आत ओट्याजवळ बसेल. नळ तो बघेल," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर बसा, नाना. बादली तुम्ही बघा."

"मी?"

"हो. रेघ बघून सांगायचं. निकिता लिहील."

आजवर ती त्याच्याशी अशी कामाची भाषा बोलली नव्हती. एरवी ती गळ्यात पडायची, टोपी ओढायची. खड्ड्याकडं जाणारा पाइप भिंतीपाशी सोडवून ठेवला होता. बाबाजाननं बादली घेतली आणि भिंतीबाहेर, राम बसायचा त्याच दगडावर, सकाळीच जाऊन बसला. समोर रस्ता. पोरं शाळेत जात होती, दूधवाला जात होता, गिरणीवर दळण घेऊन बाया जात होत्या. सगळ्यांना कालची गोष्ट ठाऊक झाली होती. कुणी थांबलं नाही, पण चाल मंद झाली.

आत दुपारची अजान झाली. म्हातारे आले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तेही आज ओशाळल्यासारखे हळू बोलत होते. नळ सुटले, चिंचोळेच. पाइपाच्या तोंडाशी आधी एक थेंब लोंबला, मग बारीक धार लागली. बाबाजान धारेकडे बघत राहिला. आपल्या मनात आताही तीच ओढ आहे हे त्याला जाणवत होतं. धार जाड व्हावी, कुणीतरी आत जास्त नळ सोडावा, कुणीतरी कळशी आणावी. हात पुढं झाला तर पाइपाला धरून हलवेल असं त्याला वाटलं, म्हणून त्यानं दोन्ही हात गुडघ्याखाली धरले. धार बारीक झाली. मग थेंब. मग तेही थांबले.

बादलीचा तळ जेमतेम झाकला होता. पहिल्या रेघेच्या कितीतरी खाली.

"नाना, कुठवर आलं?" निकितानं पलीकडून विचारलं. ती शाळेच्या कोपऱ्याशी पेन घेऊन उभी होती. तिच्या शेजारी सुमैरा. सर थोडे मागं. रस्त्यावर भिमाजी बैल घेऊन चालला होता, तोही थांबला होता, आणि आज तो काही बोलत नव्हता.

बाबाजान पुटपुटला.

"ऐकू नाही आलं. मोठ्यानं सांगा."

त्यानं घसा साफ केला. सुमैरा त्याच्याकडे बघत होती, पहिल्यांदाच, कालपासून.

"पहिल्या रेघेच्या खाली," तो मोठ्यानं म्हणाला, रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तळच भिजलाय नुसता. एवढंच पाणी हाय आमच्याकडं."

निकितानं लिहून घेतलं. तो बादली घेऊन शाळेमागं गेला, वाकून ती ओंजळीनं एका शेवग्याच्या बुडाशी रिकामी केली, आणि मग परत येऊन पाइपाच्या तोंडाखाली ती पुन्हा नीट ठेवून पुढच्या नमाजाची वाट बघत बसला.